साहेबांच्या पायांची रेघ

करडी गावाच्या पलीकडे, दोन कोसांवर, एका खाण कंपनीचा क्लब होता. इंग्रज गेले, पण जाताना गोल्फचं मैदान ठेवून गेले. मैदान कसलं, सहा खड्डे आणि सहा झेंडे! खड्ड्याभोवती हिरवळ टिकत नसे, म्हणून तिथे तेल घातलेली रेती पसरलेली. चांगली शिकलेली माणसं एवढीशी गोटी एका खड्ड्यात घालण्यासाठी मैलभर चालतात, हे पाहून गावाने त्या खेळाला 'साहेबांचा विटीदांडू' म्हणून टाकलं होतं.

धनीराम त्या मैदानाचा राखणदार. गवत कापायचं, रेती सारखी करायची, साहेबांची पिशवी खांद्यावर वाहायची. पण ही कामं कोणीही केली असती. धनीरामची खरी किंमत होती त्याच्या नजरेत.

गोल्फ खेळणारा झेंड्याकडे तोंड करून उभा राहत नाही. झेंडा त्याच्या डाव्या खांद्याकडे असतो. त्यामुळे आपले पाय नेमके कुठे रोखलेत, हे त्याचं त्याला कळत नाही. गोटीपासून झेंड्याकडे एक रेघ, दोन्ही पायांच्या बोटांना जोडणारी दुसरी, आणि त्या दोन्ही बैलबंडीच्या चाकोऱ्यांसारख्या बरोबरीने गेल्या तरच गोटी सरळ जाते. सरावाच्या वेळी धनीराम जमिनीवर बांबूच्या दोन कामट्या ठेवून हे दाखवी. सामन्यात कामट्या चालत नसत. तेव्हा तो मागे उभा राही, एक डोळा मिटे आणि साहेबांच्या पायांची रेघ पुढे कुठे जाते ते बघे.

"बाएँ, साहब. थोडा और. हां, अब ठीक है."

अशी नजर त्याच्या घरात त्याच्या एकट्याचीच नव्हती. त्याची बायको रुखमा धानाची रोपं लावायला, रोवणीला जाई, तेव्हा तिच्या हातची ओळ बघायला लोक शेताच्या धुऱ्यावर थांबत. दोरी धरून रोवायची जपानी पद्धत आली, शेतमालक दोऱ्या घेऊन बांधीत, धानाच्या खाचरात उतरले, पण रुखमाच्या ओळीला कोणी दोरी लावली नाही. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा चिखलात खुपसायची, रोप उभं करायची आणि मागे सरकायची. बाकीच्या बाया तिच्या ओळीवर नजर ठेवून आपली ओळ धरत.

त्र्याहत्तर साली नागपूरचे पाहुणे खेळायला आले होते. मॅनेजर भसीनसाहेब चेंडूसमोर उभे राहिले आणि नेहमीसारखं धनीरामने म्हटलं, "साहब, पैर टेढ़े हैं." पाहुणे हसले. भसीनसाहेबही हसले, पण पाहुणे गेल्यावर त्यांनी धनीरामला असं झाडलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे आठ दिवस त्याला खाणीवर दगड उचलायला पाठवलं. तो परत आला तो शहाणा होऊन. पाहुणे असले की साहेबांचे पाय उत्तरेला असोत की दक्षिणेला, धनीरामचं उत्तर एकच: ठीक है, साहब. लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीला लाकडाचाच दांडा, तशी त्याचीच जीभ त्याच्या नजरेवर उठली.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात पाहुणे पुन्हा आले. तिसऱ्या झेंड्याच्या उजव्या हाताला शेतमालक मधुकररावांची बांधी होती आणि तिथे सात बाया रोवणी करत होत्या. भसीनसाहेब उभे राहिले. धनीरामने मागून एक डोळा मिटला. रेघ झेंड्यावर जात नव्हती. ती चांगलीच उजवीकडे, बांधीत जात होती.

"ठीक है, धनीराम?"

"ठीक है, साहब."

साहेबांनी मारलं. त्याच क्षणी धनीराम जिवाच्या आकांताने ओरडला, "रुखमाऽऽ!"

रुखमाने मान वर केली. उन्हाने डोळे दिपले म्हणून उजवा हात कपाळावर धरला, आणि गोटी येऊन त्या हातावरच बसली.

साहेब माणुसकीला चुकले नाहीत, हे म्हटलंच पाहिजे. आपल्या जीपमध्ये घालून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. वाटेत एकदाच, मागे न वळता, ते म्हणाले, "मैंने तो तुमसे पूछा था, धनीराम." धनीराम म्हणाला, "जी, साहब." त्यापुढे दोघांपैकी कोणी तो विषय काढला नाही. वर्षभरात भसीनसाहेबांची बदली झाली.

हाडं जुळली, पण बोटं वाकडीच राहिली. त्या बोटांत धानाचं रोप धरता येईना. पुढच्या साली रुखमा रोवणीला गेली ती डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या वाहायला. जिच्या ओळीवर बाकीच्या बाया ओळ धरत, ती आता धुऱ्यावरून पेंढ्या फेकू लागली. तिने कधी कुरकुर केली नाही. धनीरामला वाटे, हिने एकदा तरी शिव्या घालाव्यात.

आणि गावाने काय करावं? गावाने धनीरामला डोक्यावर घेतलं! तिच्यासोबत रोवणीला असलेली कौशल्याबाई भेटेल त्याला सांगे, "धनीराम ओरडला म्हून तिनं हात वर केला, नाही त डोस्क्यातच बसली असती. साऱ्यांसमोर बायकोचं नाव घेतलं त्यानं! लाज नाही पाहिली, शरम नाही पाहिली." आपल्याकडे नवरा चारचौघांत बायकोला नावाने हाक मारत नाही. धनीरामही तिला 'गुलाबची माय' म्हणे. गुलाब ही त्यांची मुलगी. त्यामुळे ती एक हाक म्हणजे गावाला प्रेमाची मोठीच गोष्ट वाटली. कौशल्याबाई सांगू लागली की धनीराम उठून गुरं बघायला जाई. घरात गुरं नव्हती.

त्या दिवसापासून मात्र तो कोणाचा मुलाहिजा ठेवीनासा झाला. मॅनेजर असो की मॅनेजरचा सासरा, पाय वाकडे दिसले की तोंडावर सांगे. नवे साहेब त्याला मान देऊ लागले. पण बुंद से गयी वो हौद से नहीं आती. जेवायला बसला की त्या वाकड्या बोटांनी वाढलेला भात त्याच्या ताटात पडे, आणि त्याची मान खाली जाई ती जेवण संपेपर्यंत वर येत नसे. अकरा वर्षं त्याने असं जेवण केलं.

पंच्याऐंशी साली क्लबात धनीरामच्या सत्काराचा समारंभ झाला. नव्या मॅनेजरने त्याला आणि रुखमाला खुर्च्यांवर बसवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हा माणूस कधी खोटं बोलत नाही." टाळ्या पडल्या. रुखमाने मानाचं लुगडं घ्यायला हात पुढे केले तेव्हा साहेबांनी बोटांना काय झालं म्हणून विचारलं.

"गोटी लागली, सायेब. कोनाचा दोष नाही त्यात."

पुन्हा टाळ्या पडल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं धनीरामला झालं.

ऊन उतरत असताना दोघं धुऱ्यावरून घरी निघाली. तो पुढे, ती मागे. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच त्याला बोलता आलं.

"गुलाबची माय, त्या दिवशी साहेबाचे पाय वाकडे होते. मले दिसून राहिलं होतं. तरी मी ठीक है म्हटलं."

मागे पावलं थांबली नाहीत. चालता चालताच ती म्हणाली, "भेव वाटलं असंन तुमाले. मांगं दगडं उचलाले लावलं होतं ना."

धनीरामला एकदम हलकं वाटलं. एवढं सोपं होतं, तर आपण अकरा वर्षं मूग गिळून का बसलो, असंही त्याच्या मनात आलं. चार पावलं तो तसा हलका चालला.

"अन् ते हाक?" तिने विचारलं.

"कोनती हाक?"

"आमी सात बाया होतो. साऱ्या वाकलेल्या. दुरून नुसत्या पाठी दिसत असतीन. गोटी लागाच्या आंधी तुमी माहंच नाव काहून घेतलं?"

आता मागची पावलं थांबली होती. धनीराम वळला. जांभळं लुगडं होतं तिचं त्या दिवशी. सात पाठींत ते एकच जांभळं. एक डोळा मिटून पाहिलं तेव्हा साहेबांच्या पायांची रेघ नेमकी त्याच्यावर जाऊन थांबली होती, आणि 'ठीक है' त्याने त्यानंतर म्हटलं होतं. 'सहज आलं तोंडात' एवढंच आता म्हटलं असतं तरी तिने ऐकून घेतलं असतं.

"त्या रेघेवर तूच होती," तो म्हणाला. "मले दिसली होती तू."

रुखमाने नवं लुगडं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"चला पुढं," ती म्हणाली. "मी येतो मांगून."

तो पुढे निघाला. आपले पाय सरळ पडतात की वाकडे, हे त्याला कळेना, आणि मागून ती काहीच सांगेना.