मेश्रामांचा शिक्का

वर्ध्याचे बबनराव मेश्राम आयटीआय करून लखनौला आले, तेव्हा फैजाबाद रोडवरचा विमानाच्या भागांचा सरकारी कारखाना नुकता कुठे उभा राहत होता. भोवती सगळी मोहरीची शेतं. सुरुवातीला परदेशातून आलेल्या पेट्या उघडायच्या आणि नकाशा बघून भाग जुळवायचे, एवढंच काम. पुढे तेच भाग इथे घडू लागले. तेलाच्या दाबाने विमानाची चाकं वर-खाली करणारे पंप जुळवण्याची बबनरावांना अशी गोडी लागली, की रविवारी घरातला स्टोव्हही ते खोलून बसत. त्यांची बायको बेबीताई म्हणत, "आधी स्वयंपाक होऊ द्या, मग उडवा त्याला."

पंप जुळवायची खोली ऑपरेशन थिएटरसारखी. चपला बाहेर, अंगात सुती कोट, डोक्याला टोपी. लोकरीला तर सक्त मनाई. एक तंतू झडपेत अडकला तरी वैमानिकाला उतरताना चाकं खाली सोडता येणार नाहीत.

ज्याच्या कामात वर्षानुवर्षं खोट निघाली नाही, त्याला तिथे स्वतःच्या नंबराचा शिक्का मिळे. मग त्याचं काम दुसरं कुणी तपासत नसे. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत बबनरावांचं नाव वर गेलं. शनिवारी निकाल होता. बेबीताईंनी वर्ध्याला आपल्या वडिलांना कळवूनही टाकलं होतं.

त्याच आठवड्यात कोहरा, म्हणजे तिकडचं दाट धुकं, असा पडला की सायकलचं पुढचं चाक दिसेना. बबनराव उशिरा पोचले, गारठलेल्या बोटांनी घाईघाईत कोट चढवला आणि कामाला बसले. जेवणाच्या सुट्टीत एकटेच कोट काढत होते, तर आत बेबीताईंनी विणलेला राखाडी हाफ स्वेटर. सकाळपासून तीन पंप सीलबंद होऊन पॅकिंगला गेलेले. संध्याकाळी ते एअर फोर्सच्या गाडीत चढणार होते.

डबा तसाच ठेवून ते विभागप्रमुख श्रीवास्तव साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी दार लोटून घेतलं.

"किसी ने देखा?"

"हमने देखा, साहब."

मग नाव कापावं लागेल, हे साहेबांनी सांगितलं, तेही खाली बघून. बबनरावांनी मान हलवली. पंप मीच उघडतो म्हणाले, पण नियमाने ते दुसऱ्यानेच उघडायचे.

शेजारच्या टेबलावरचे रामआसरे उघडायला बसले. "मेश्रामजी, भाभी ने पंप का भी स्वेटर बुन दिया क्या?" सगळे हसले. पहिला साफ, दुसरा साफ. तिसऱ्यात, भिंगाखाली, झडपेच्या काठाला राखाडी तंतू.

घरी बेबीताई कळवळल्या. "काहून सांगितलं जी तुम्ही? शनिवारच तर राहिला होता."

"तंतू निघाला, बेबी."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग विचारलं, "उडालं असतं का ते विमान?"

"उडालं असतं. उतरताना..."

बेबीताईंनी ताटात भाकरी वाढली. "पुढच्या साली कळवीन मग बाबांना."

पुढच्या सालीही नाही, त्याच्या पुढच्या साली ते कळवता आलं. शिक्का हातात ठेवताना श्रीवास्तव साहेब म्हणाले, "इसे उन तीन पंपों का इनाम समझिए." बबनराव पार लाजले, कामाला बसायला आत गेले आणि हात धुवायला लागले.