लेखपालाचा पाहुणचार

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता चार लोकांची सरकारी कामं करून दे, फार समाधान मिळतं. मला अजून तरी वाढलेलं ब्लडप्रेशरच मिळालंय. आमचे हे म्हणतात, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोणी सांगितलंय तुला?" मऊरानीपुरहून, समथरहून म्हाताऱ्या बायका बसचे धक्के खात झाशीला येतात आणि खिडकीतला माणूस "सर्वर डाउन है, कल आइए" म्हणून चहाला निघून जातो. मी भांडते. त्या माणसाला आता माझा आवाज ओळखू येतो.

पण खरा वैताग आणला तो आमच्याच एका काकूंनी. गल्लीत मराठी घरं उरली मोजकी, त्यातलं एक त्यांचं. काका गेलेले, मुलगा पुण्यात. त्याने पैसे पाठवणं सोडाच, फोन करणंही केव्हाच बंद केलं होतं. काकू घरातली पितळेची भांडी एकेक करून विकत होत्या आणि एक वेळच जेवत होत्या. हे कळल्यावर मी त्यांचा वृद्धापकाळ पेन्शनचा अर्ज भरला आणि बजावून सांगितलं, "लेखपाल उत्पन्नाची चौकशी करायला घरी येईल. जसं आहे तसं दाखवा."

लेखपाल म्हणजे इकडचा तलाठी. तो आला नेमका मी तहसीलमध्ये असताना. काकूंनी शेजारून खुर्च्या आणल्या, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि शिरा केला. तूप माझ्याच घरून सकाळी नेलेलं! गुजारा कसा होतो असं त्याने विचारलं, तर म्हणाल्या, "बेटा है न पुणे में, सब वही देखता है." लेखपालाने शिरा मागून घेतला आणि घर खातंपितं आहे असा शेरा मारला. अर्ज नामंजूर.

माझं डोकंच फिरलं. "काकू, तो तुमची अडचण बघायला आला होता, मुलगी बघायला नाही!"

"घरी आलेल्याला कोरडं पाठवायचं का? आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी."

साठी उलटली तरी मी पोरगीच. त्या मुठीत काय होतं ते मला माहीत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. पुन्हा अर्ज केला, पुन्हा त्याच खिडकीशी भांडले. या वेळी लेखपाल आला तेव्हा मी स्वतः काकूंजवळ सतरंजीवर बसून राहिले. पाण्याखेरीज काही द्यायचं नाही, अशी तंबी दिलेली.

"अम्मा जी, आज हलुआ नईं बनाओ?" तो हसत म्हणाला. मी डोळे वटारले, तसा कामाला लागला. "बेटा तो है न आपका?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. दारात शेजारच्या बायका जमल्या होत्या. मी मानेने खुणावलं, बोला. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पुटपुटल्या, "है. पर देखता नहीं."

"जरा जोर से, अम्मा जी. सुनाई नहीं दिया."

काकूंनी पुन्हा सांगितलं. या वेळी दारापर्यंत ऐकू गेलं.

पेन्शन मंजूर झाली. पहिले पैसे बँकेत जमा झाल्याचा मेसेज दाखवायला मी धावतपळत त्यांच्याकडे गेले. खोटं कशाला बोलू, शाबासकीच हवी होती मला. काकू वरणभात जेवत होत्या. आता त्यांना दोन्ही वेळा जेवता येईल, या विचाराने बरं वाटलं.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं.

"झालं की. तू होतीस म्हणून झालं," त्या म्हणाल्या. मग ताटातला भात कालवत राहिल्या. "फक्त आता गल्लीत कोणी विचारत नाही गं मला, मुलगा कसा आहे म्हणून."