मामूंची फुलं

मला रंगाचं काम मामूंनी शिकवलं. रत्नागिरीहून दुबईला आल्यावर त्यांनी तिथल्या देरा भागातल्या एका मोत्याच्या व्यापाऱ्याची बैठक भिंतभर फुलांनी रंगवली होती. साठच्या दशकात ते तिथंच वारले. त्यानंतर दोन वर्षांत खाडीची खारट ओल भिंतीत चढली. खिडकीकडचा रंग तर पोपडे होऊन पार गळला. व्यापाऱ्यानं मला बोलावलं आणि म्हणाला, "नवं दिसलं पाहिजे. यल्ला, लाग कामाला."

बंदराच्या कामावरचा एक इटालियन फोरमन तिथं कॉफीला यायचा. भिंत पाहून त्यानं मोडक्या हिंदीत पणजोबांची हकिगत सांगितली. पणजोबा चित्रकार होते. स्वतःची चित्रं कुणी घेईना, म्हणून चर्चमधली भिंतीवरची जुनी चित्रं दुरुस्त करू लागले. उभा जन्म त्यात गेला. जिथं रंग गळला होता तिथं ते नवे चेहरे काढत आणि गावोगाव त्यांचं नाव झालं. ते गेल्यावर जाणकार मंडळी आली, त्यांनी पणजोबांचं काम खरवडून काढलं, आणि त्याबरोबर थोडं जुनंही गेलं.

"पण त्यांची चूक काय?" मी विचारलं.

"इतना अच्छा किया, कि पुराना कौन सा, समझता नहीं था. तू खाली जगह खाली छोड़."

मला रागच आला. मामूंचा हात मला ठाऊक नाही, तर काय याला? मी सगळी भिंत भरली, आणि अशी की व्यापाऱ्यानं चार लोकांना बोलावून दाखवली. मी महिनाभर फुशारक्या मारल्या.

मग मामूंची मुलगी लग्न होऊन दुबईला आली. मामूंनी गाव सोडलं तेव्हा ती पाळण्यात होती. मामू परत गावी गेलेच नाहीत, त्यामुळे बाप तिला आठवतही नव्हता. मी तिला मोठ्या तोऱ्यात भिंतीसमोर उभं केलं.

"भाई, यातलं अब्बांच्या हातचं कुठलं?"

मी बघत राहिलो. मला सांगता येईना. ती वाट पाहत होती, म्हणून मी खिडकीजवळच्या फुलाकडे बोट दाखवलं. तिनं त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

खिडकीकडचा रंग पार गळला होता, हे मला तेव्हा आठवलं. ते फूल माझं होतं. ती बराच वेळ हात काढीना.