अकोल्याचा हर्रास आणि राखाडी लॉरी

मोटार विकत घ्यायला निघालेली माणसे आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात बसून जातात, हे वाचून तुम्ही दोघे तिकडे नैरोबीत हसाल. पण, मनू आणि इंदू, आम्ही तशाच गेलो. अमरावतीच्या स्टेशनावर सकाळी मी, महादेवराव आणि त्यांची पार्वताबाई असे तिघे बडनेऱ्याच्या गाडीत चढलो, तेव्हा माझ्या पिशवीत एक वही, दोन पेन्सिली आणि हर्रासाचा (लिलावाचा) छापील इंग्रजी कागद होता. पार्वताबाईच्या डोक्यावर भाकरींचे गाठोडे होते.

महादेवराव आमच्या घरामागच्या मळ्याचे मालक. तुमची आई लहानपणी त्यांच्या मोटेच्या पाण्यात पाय सोडून बसायची. झेंडू, शेवंती, सांभार (कोथिंबीर) आणि भेदरं (टोमॅटो) हा त्यांचा माल. तो बडनेऱ्याला सकाळच्या मेलवर चढला तर नागपूरच्या बाजाराला ताजा लागतो. बैलगाडीने तो वेळेवर पोहोचेलच असे नसते. मागच्या महिन्यात दोनदा मेल डोळ्यांदेखत सुटली आणि दोन्ही वेळा टोपल्याभर शेवंती गायींपुढे टाकावी लागली. लढाईत लॉरी हाकायला शिकून आलेला पुतण्या घरात होताच. तेव्हा महादेवरावांनी धीर करून बैलजोडी विकली. आता रिकाम्या हाताने परतणे शक्य नव्हते, कारण मळ्यात माल तयार होता आणि गोठा रिकामा होता.

अकोल्याच्या एका मोटारवाल्याने धंदा बंद करून आपल्या सगळ्या गाड्या हर्रासाला काढल्या होत्या. अटी इंग्रजीत. म्हणून मला नेले. तुमचे आजोबा म्हणाले, "आता या वयात लॉरीखाली वाकून पाहणार का?" मी म्हटले, "मी वरून पाहीन, वाकायला मिस्त्री आहे."

बडनेऱ्याला मुंबईकडची गाडी तासभर उशिरा होती. फलाटावर बसून मी वहीत रेघा मारल्या आणि प्रत्येक मोटारीला विचारायचे अकरा प्रश्न लिहून काढले. महादेवराव ते पाहत होते.

"बाई, एवढं लिवाचं काय त्याच्यात? गाडी पाहाची म्हणजे बैल पाहाल्यासारखं. आधी दात, मंग खूर."

"मोटारीला दात कुठे असतात, महादेवराव?"

"असतात," ते म्हणाले. "आमाले दिसत नाईत, एवढंच."

पार्वताबाई पदराआड हसली. मूर्तिजापूरच्या पुढे तिने गाठोडे सोडले. ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने आमची चौकशी केली आणि मोटार घ्यायला चाललो आहोत असे कळल्यावर ते एकदम म्हणाले, "बैल इकून मोटार? अरे बाप्पा! मोटार शेण देते काय?" महादेवरावांनी त्यांच्या हातावर अर्धी भाकर ठेवली. तोंड भरल्यावर गृहस्थ शांत झाले.

खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली, काळ्या जमिनीवर पांढरे ठिपके. अकोल्यात उतरलो तर तोच कापूस हवेत होता. जिनांचे (सरकी काढायच्या गिरण्यांचे) दिवस असल्याने रुईचे तंतू टांग्याच्या घोड्याच्या आयाळीत अडकत होते, आणि मोर्णा नदीचा पूल ओलांडेपर्यंत माझे लुगडेही केसाळ झाले.

धर्मशाळेत सामान टाकून आम्ही थेट बंद पडलेल्या एका जिनाच्या आवारात गेलो. दुसऱ्या दिवशी हर्रास, आज नुसते पाहायचे. रहमान मिस्त्री फाटकाशीच उभे होते. अंगाने किडकिडीत, दाढी मेंदीची, हात कोपरापर्यंत काळे. मळा राखायला मागे राहिलेल्या पुतण्याने त्यांचे नाव दिले होते.

मी अटी मोठ्याने वाचून मराठीत सांगितल्या. गाडी जशी असेल तशी घ्यायची. पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. नंतर तक्रार चालणार नाही. मिस्त्रींनी मान हलवली. "बाई, ये सब एक बात है. आँख खुली रखो."

सात गाड्या ओळीने उभ्या होत्या. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत, त्या भट्ट्यांचे डाग काहींच्या पाठीवर अजून होते. मालाच्या टोपल्या मावतील अशा लॉऱ्या दोनच. एक निळी, नुकती रंगवलेली, पितळ घासून लखलखीत केलेली. दुसरी राखाडी, धुळीने माखलेली, एका बाजूला चेमटलेली. मी वहीत निळीपुढे चार बरोबरच्या खुणा केल्यासुद्धा.

मिस्त्री निळीखाली आडवे झाले. मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याचे बूच त्यांनी पान्याने सोडवले, आत बोट घातले आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरले. काळ्या तेलात बारीक कण होते.

"क्या है, बताओ?"

मी चष्मा पुसून पाहिले. "लाकडाचा भुसा?"

"शाबास! दाँते घिस गए. आवाज येऊ नये म्हणून भुसा भरला. पचास मील चलेगी, फिर बीच रस्त्यात बैठ जाएगी." त्यांनी बूच पुन्हा घट्ट केले. "अन् तुमी म्हनत होत्या, मोटारीले दात नसतात!" महादेवराव म्हणाले.

ते माझ्याकडे पाहून इतके खूश झाले की मला प्रश्नांची वही मिटावी लागली. मग राखाडीची तपासणी झाली. पाणी भरायच्या तोंडात तेलाचा तवंग नाही, पाट्यांच्या कमानी शाबूत, चाक उचलून हलवले तर खडखड नाही. हँडल मारले तसे इंजिन दोन वेळा खोकून एका सुरात चालू लागले.  मिस्त्रींनी महादेवरावांचा खांदा दाबला.

त्याबरोबर महादेवरावांनी जे केले ते पाहून मी चकित झाले. ते चार पावले मागे गेले, राखाडीच्या चाकाला लाथ मारली आणि आवारभर ऐकू जाईल असे ओरडले, "काय हे खटारा! इचा कणा मोडला हाये. फुकट देली तरी नेणार नाई मी! घ्याची तं ते निळी घ्या, नवरीसारखी हाये!"

पार्वताबाईने माझ्या कानाशी सांगितले, "बैलबाजारात असंच करा लागते, बाई. जो बैल घ्याचा, त्याले नावं ठेवाची. दुसऱ्याचं मन उडते."

आजूबाजूची पाच-सहा गिऱ्हाइके ऐकत होती. त्यांतला एक तरुण, धुवट कोट घातलेला, खिशातून कागद काढून काही लिहू लागला. मला वाटले, माझ्यासारखाच कोणी टिपणे ठेवणारा.

तो संध्याकाळी धर्मशाळेत आमच्याच पडवीत उतरलेला निघाला. वामनराव त्याचे नाव, धारणीच्या दवाखान्यात कंपाउंडर. घराणे तिकडे उत्तरेत सागरकडचे, त्यामुळे मराठी पुस्तकातल्यासारखी. आमच्या भाकरीला त्याने गूळ जोडला आणि जेवता जेवता स्वतःहून बोलू लागला. गेल्या पावसाळ्यात एका कोरकू बाईला खाटेवर घालून परतवाड्याच्या वाटेला लावले होते. वाटेतच बाळंत झाली. मूल राहिले, ती गेली. तेव्हापासून मेळघाटातल्या गावांनी मूठमूठ वर्गणी जमवली होती, खाट मावेल अशा लॉरीसाठी.

"मिस्त्री आणणे परवडले नाही," तो महादेवरावांना म्हणाला. "पण आपण दुपारी बोललात ते मी लिहून घेतले. निळीच घेणार मी. आपले फार उपकार झाले."

महादेवरावांनी घास घेतला आणि चावत राहिले. पार्वताबाईने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याचा तांब्या उचलून भरायला गेले.

मुलांनो, हे लिहायला मला आवडत नाही. पण प्रवासात जे झाले ते सगळे लिहायचे असे मी ठरवले आहे. पंचवीस वर्षे मी मुलींना शाळेत खरे बोला म्हणून शिकवले. त्या पडवीत मला एवढेच म्हणायचे होते की निळी घेऊ नका. मी म्हटले नाही. तांब्या भरताना मी मनाशी ती छापील अट घोळवत होते, पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. त्याला खरे कळले तर तो राखाडीवर बोली लावेल, आणि महादेवरावांचा गोठा रिकामा होता.

मी परत आले तेव्हा वामनराव हात धुवायला विहिरीवर गेला होता, आणि नवराबायकोत जुंपली होती.

"म्या त्याले काई सांगतलं काय? म्या तं गाडीले बोललो!"

"बैलबाजारात सगळ्याइले ठाऊक असते. याले कोन सांगन? तो काय बैलबाजारात वाढला?"

"मंग आपन पायी फुलं नेऊ बडनेऱ्याले?"

"नेऊ," पार्वताबाई म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

सकाळी मी उठले तेव्हा महादेवराव वामनरावाच्या अंथरुणाशी उकिडवे बसले होते. "साहेब, उठा. तुमाले एक दाखवाचं हाये." आम्ही सगळे आवारात गेलो. मिस्त्रींना बोलावून महादेवरावांनी निळीचे बूच पुन्हा सोडवायला लावले आणि वामनरावाला स्वतःचे बोट घालायला सांगितले. त्याने बोट पाहिले. चेहरा उतरला.

"पण आपण तर काल..."

"काल म्या खोटं बोललो. घ्यासाठी." महादेवरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "चांगली ते राखाडी. मी बी तिच्यावर बोलणार हाओ, तुमी बी बोला. मंग ज्याचं नशीब."

 वामनराव रागावेल असे मला वाटले. तो रागावला नाही. त्याने खिशातला कागद काढून कालची ओळ खोडली आणि म्हणाला, "बोट पुसायला काही आहे का?" पार्वताबाईने चिंधी दिली.

हर्रास दहाला सुरू झाला. नागपूरचा लिलाववाला खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. निळीला कोणी फारसे विचारीना. राखाडी निघाली आणि एकदम चारही बाजूंनी आवाज आले. माझ्याशेजारचा एक कापसाचा दलाल हसत आपल्या सोबत्याला सांगत होता, "काल तो माळी तिले लाथ मारून राहिला होता ना? तवाच समजलो, गाडी अस्सल हाये."

म्हणजे अवघ्या आवारात महादेवरावांचे बोलणे उलटे धरायचे असते हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांच्या शिव्यांनी राखाडीचा भाव चढला होता, आणि फसला होता तो एकटा सागरचा कंपाउंडर.

महादेवरावांची ऐपत फार लवकर संपली. मग राहिले दलाल आणि वामनराव. वामनरावाचा आवाज दर बोलीला बारीक होत गेला. दलाल आणखी बोलायला तोंड उघडणार, तोच महादेवराव गर्दीतून त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. हात जोडून, एरवीपेक्षा हळू म्हणाले, "भाऊ, धारणीचा दवाखाना हाये तो. बायामाणसं नेणार हाये तिच्यात."

दलालाने त्यांना खालून वर न्याहाळले. "आता खरं बोलून राहिला काय?"

"आता खरं."

"पाहा बरं, लेका!" दलाल म्हणाला. पण तोंड मिटले. हातोडा पडला. वामनरावाला राखाडी मिळाली, आणि तो मटकन चाकाशेजारी खाली बसला.

आमच्या वाट्याला शेवटी आली ती ओळीतली सहावी, छप्पर नसलेली उंच जुनी मोटार. पाठीवर गॅसच्या भट्टीने जाळलेला मोठा डाग असल्याने तिला कोणी हात लावला नव्हता. मिस्त्रींनी ती अर्धा तास उलटीपालटी पाहिली आणि म्हणाले, "सूरत नहीं, लेकिन दिल ठीक है." मागची बैठक काढली तर बारा टोपल्या मावतील, असे पार्वताबाईने हातांनी मोजून सांगितले. लॉरीत तीस मावल्या असत्या. मेलच्या वेळेला दोन खेपा कराव्या लागतील. पण बडनेरा पायी गाठायला लागणार नव्हते.

दुपारी वामनराव अकोटच्या वाटेला लागला, शेजारी एक भाड्याचा ड्रायव्हर घेऊन. जाताना त्याने मला नमस्कार केला. मला तो घ्यायला जड गेला.

आमची मोटार मिस्त्रींनीच हाकली, चार दिवस राहून पुतण्याला तिच्या खोडी शिकवायच्या होत्या. अमरावतीच्या वाटेवर धूळ इतकी, की मूर्तिजापूरला चहा पिताना आम्ही एकमेकांना ओळखू येईनासे झालो. पुढे एकदा चाक फुटले. एका वावरातल्या (शेतातल्या) बाईने आम्हाला हरभऱ्याचे डहाळे दिले आणि मोटार दुरुस्त होईपर्यंत तिच्या पोट्ट्यांनी (मुलांनी) भोंगा वाजवून घेतला. उन्हे उतरता उतरता बडनेऱ्याचे सिग्नल दिसले. महादेवराव पुढे बसून मिस्त्रींना प्रत्येक खड्डा आधीच दाखवत होते.

मागे आम्ही दोघी होतो.  पार्वताबाईने विचारले, "बाई, तुमी काल जेवताना कावून (का) नाई बोलल्या? तुमाले तं समजलं होतं."

शाळेत असे विचारणाऱ्या मुलीला मी काय उत्तर दिले असते कोण जाणे. तिला खरे सांगितले. "राखाडी तुम्हालाच मिळावी असे मला वाटत होते."

"मले बी वाटत होतं," ती म्हणाली, आणि उरलेले हरभऱ्याचे डहाळे माझ्या ओटीत टाकले.