गाडी वाजली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — तिथं मी इकडचं तिकडचं बोलून, घंटा वाजवून परत येतो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच बहुधा तोंड उघडतंय.

माझं भंडाऱ्यात कापडाचं दुकान. काही वर्षांपूर्वी पिकअप घेतली, तेव्हा तिच्या अलार्मचं मला भारी कौतुक होतं. कंपनीतूनच बसवून आलेला. आल्यागेल्याला दार ओढून दाखवायचो — बघा, हात लावला की ओरडते! एक गोष्ट मात्र सांगायचो नाही. शोरूमवाल्यानं मला नीट समजावलं होतं, की सेन्सर फक्त केबिनच्या दारांना आणि बॉनेटला आहेत. मागच्या डाल्यातून, म्हणजे माल ठेवायच्या उघड्या भागातून, कुणी सगळा माल उचलून नेला तरी गाडी हूं की चूं करणार नाही. पण हे सांगितलं तर फुशारकीत उरतं काय?

शेजारचे दामूकाका विणकर. त्या दिवशी मी सानगडीच्या बाजाराला निघालो, तर ते आळीतल्या चार घरांच्या साड्यांचा गठ्ठा घेऊन आले. केबिनमध्ये मागच्या सीटवर जागा होती का? होती. तिथं मी माझ्या दुकानाचा माल ठेवला. त्यांचा गठ्ठा डाल्यात, ताडपत्रीखाली.

"मांगं ठेवू ना बापू?" त्यांनी विचारलं.

"ठेवा ना काकाजी. गाडी वाजते."

बाजारात गाडी कडुनिंबाखाली लावून मी जेवायला गेलो. भर दुपार. काका पुढच्या चाकाशी टेकून बसले. परत आलो तेव्हाही तसेच बसलेले, डोळे टक्क उघडे. मागं दोर कापलेला, गठ्ठा गायब. केबिन जशीच्या तशी.

"मी जागाच होतो बापू. आवाज नाही आला."

जरा थांबतो. कारण इथपर्यंत ती फक्त चोरी होती, आणि चोर दुसरा होता.

लोक जमले. कुणीतरी विचारलं, अलार्म होता ना? आणि मी म्हणालो, "वाजली होती ना गाडी! मी ऐकूनच धावत आलो. काकाजी, तुमाले डोळा लागला असन." वर हेही जोडलं, की जन्मभर मागाच्या खटखटीत बसलेल्या माणसाला अलार्म काय ऐकू येणार? लोकांना पटलं. काका भांडले असते तर! पण ते माझ्याकडे बघत राहिले, मग हळूच आपल्या कानांना हात लावून पाहिला.

चारही घरांनी त्यांच्या हाती माल देणं सोडलं. काकांनी माग बंद केला — मागापायीच कान गेले, म्हणाले. वर्षभरानं एका दुपारी ते दुकानात आले.

"आठवलं बापू. वाजली होती गाडी."

आणि त्यांनी तो आवाज काढून दाखवला. लांब, बारीक, मध्येच तुटणारा — बंद खोलीतून कुणी हाक मारावी तसा. माझ्या गाडीचा आवाज तसा नव्हताच. कुठल्याच गाडीचा नसेल.

"असाच ना?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. खरं बोलायला आणखी काय हवं होतं? मी म्हणालो, "हो काकाजी. असाच."

पहिलं खोटं घाबरून बोललो. हे कशासाठी बोललो?

तेव्हापासून काका दुपारी यायचे, गाडीभोवती फिरायचे, ताडपत्रीवरून हात फिरवायचे. मला ते बघवेना. गाडी विकून टाकली. तरी येतात. रिकाम्या जागेभोवती तेवढीच चक्कर, हवेत तेवढ्याच उंचीवर हात. "वाजून राहिली ना?" विचारतात. मी म्हणतो, "बंद केली काकाजी." मग घरी जातात.

या उन्हाळ्यापासून तो आवाज मलाही येतो. लांब, बारीक, मध्येच तुटणारा. काल जेवताना आला आणि मी ताटावरून उठून बाहेर गेलो. काका आधीच तिथं उभे होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं.

"तुलेबी आयकू आली?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात घट्ट धरला, चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांना वाटलं, आपण दोघं सारखेच. हात सोडवून घ्यायचा धीर मला झाला नाही, आणि खरं सांगायचा तर नाहीच नाही.