ताकदीची पुडी

पंचशीलाबाईंचा राग अख्ख्या निलंगा तालुक्याला ठाऊक होता. गुरांच्या दवाखान्यात त्या परिचर. पण लातूर जिल्हा नवा झाल्यापासून डॉक्टरांची खुर्ची रिकामीच, म्हणून सुई-औषध सगळं त्याच बघायच्या. दुष्काळात गुरं छावणीला गेली आणि घरोघर बायकांनी कोंबड्या पाळल्या. नवरा गेल्यावर नीलम्मानं तर एकटीच्या हिमतीवर तीनशे कोंबड्यांचं शेड उभं केलं होतं. दुसरा आधार तिला नव्हता.

त्या शेडला हिरवी हगवण लागली. पंचशीलाबाईंनी पाच दिवस स्वतः उभं राहून पिवळं औषध पाण्यातून पाजलं. पूर्वी याच औषधानं तिसऱ्या दिवशी कोंबड्या माना वर काढायच्या. या खेपेला सहाव्या दिवसापर्यंत नव्वद मेल्या.

"याच्या आधी पाण्यात काय घालत होतीस?" त्यांनी नीलम्माला दरडावून विचारलं.

"हेच की, अक्का. रोज सकाळी चिमूटभर. ताकदीची पुडी हाय न ही."

पंचशीलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज चिमूटभर! त्यानं रोग मरत नाही, निर्ढावतो. आता तो त्या औषधाला भीक घालत नव्हता. त्या तरातरा गुरा-कोंबड्यांची औषधं विकणाऱ्या चंद्रप्पाच्या दुकानी गेल्या आणि भर बाजारात त्याला फैलावर घेतलं.

"रोगाचं औषध ताकद म्हणून इकायलास? लाज कशी वाटत न्हाई रे?"

"हे नाव मी न्हाई ठिवलं, अक्का," चंद्रप्पा म्हणाला. "बाया येतात अन् म्हणतात, दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलेली ताकदीची पुडी द्या."

पंचशीलाबाईंना आपलेच शब्द आठवले. कोंबड्या दाणा टिपू लागल्या की बाया औषध अर्ध्यात सोडायच्या, उरलेलं पुढच्या वेळेला ठेवायच्या. बायांनी पाचही दिवस पाजावं म्हणून पंचशीलाबाईच गावोगाव सांगत सुटल्या होत्या, "औषध न्हाई गं, ताकदीची पुडी हाय, सोडू नका." मोठा शहाणपणा केला होता! चंद्रप्पाच्या नव्हे, आपल्याच थोबाडीत द्यावी असं त्यांना वाटलं.

त्या परतल्या तेव्हा नीलम्मा शेडमागं खड्डा खणत होती. कुदळ टाकून, कनवटीच्या दोन पुड्या काढत ती धावत आली.

"अक्का, एकदम दोन पुड्या घालू का? कोंबड्यायची ताकदच कमी पडली बघा."

"त्यांची न्हाई कमी पडली," पंचशीलाबाई ओरडल्याच, "रोगाची वाढली! अन् ती मी वाढवली."

नीलम्माला काही कळलं नाही. ती दोन्ही पुड्या पुढं करून तशीच उभी राहिली.