चतुर्दशीचं जेवण

देगलूरच्या स्टँडवर हैदराबादची बस लागली तेव्हा माझी बॅग आबांच्या हातात होती आणि ते ती सोडायला तयार नव्हते. पूर्वी सैन्यात जायला निघालो तेव्हा याच स्टँडवर अर्धं गाव आलं होतं, हलगी होती, पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं. या वेळी फक्त आई आणि आबा. माझा उजवा पाय गुडघ्याखाली खोटा. बसच्या पायरीवर आधी खोटा ठेवायचा की खरा, हे मला ठरवता येईना, आणि मागून कंडक्टरचं "चला, चला" चाललेलं. आबांनी बॅग आत सरकवली आणि म्हणाले, "आधी त्या माउलीला तोंड दाखव. नोकरीबिकरी नंतर."  आई माझ्या बुटांकडं बघत होती.

गावाकडचे तुम्ही लोक दर सणाला विचारता, पेन्शन आहे, शेत आहे, शाळेत सत्कार झाला, तर हैदराबादला काय ठेवलंय? आणि जे माझ्यासारखे गाव सोडून पुण्याला, दुबईला गेलेत ते विचारतच नाहीत. त्यांना वाटतं, गेला असेल पगारासाठी. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. वाचा आणि परत विचारू नका.

ती माउली म्हणजे रघूची आई. रघू माझा जोडीदार. आमच्या कमांडो तुकडीत माणसं जोडीनं राहतात. जोडीनं विमानातून उडी मारायची, जोडीनं पहारा, एकाचं डोकं दुखलं तर गोळी दुसऱ्यानं मागायची. रघू हैदराबादच्या नल्लकुंट्याचा. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, आणि भांडण काढायचं असलं की दखनी उर्दू. पहिल्या भेटीत त्यानं मला "कैकू असा बघतोस रे?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, आधी मराठी शीक. तो म्हणाला, हीच खरी, तुमची देगलूरची बिघडलीय. एवढा बडबड्या माणूस मी जन्मात पाहिला नाही. बर्फात कुडकुडताना तो मला नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, त्याची आई लोणच्याच्या बरण्यांसाठी कशी घासाघीस करते ते सांगायचा, आणि तिचा आवाज काढायचा.

एक गोष्ट समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या प्रत्येकाच्या छातीवर, डाव्या बाजूला, ठरलेल्या जागी, रक्त थांबवायचा एक पट्टा असतो. हातापायाला मोठी जखम झाली की तो जखमेच्या वर बांधायचा आणि त्यातली छोटी दांडी पिळायची. रक्त थांबतं, माणूस मात्र बोंबलतो. नियम असा की जखमीला जखमीचाच पट्टा बांधायचा. आपला द्यायचा नाही, कारण पुढची गोळी आपल्याला लागली तर आपल्याकडं काही उरत नाही. नव्या पोरांना हा नियम रघूच शिकवायचा, शिव्या घालून.

त्या दिवशी आम्ही सीमेजवळच्या एका ओढ्यात होतो. नुकतंच उजाडलं होतं. डोक्यावर ड्रोन घोंगावत होतं आणि मला वाटलं आपलंच आहे. आपलं नव्हतं. त्यानं खाली काहीतरी सोडलं. त्यानंतरचं मला आठवतं ते आभाळ, तोंडात माती, आणि रघू माझ्या जाकिटाला धरून मला फरफटत नेतोय. एका धोंड्यामागं त्यानं मला टाकलं. माझ्या छातीवरचा पट्टा ओढून उजव्या मांडीला बांधला. डाव्या पायातून रक्त तसंच उसळत होतं. त्यानं स्वतःच्या छातीवर हात नेला. मी म्हणालो, नियम काय आहे? तो म्हणाला, चुप बैठ, आणि त्याचा पट्टा माझ्या डाव्या मांडीवर पिळला.

आमचे बाकीचे लोक ओढ्याच्या पलीकडं अडकून पडले होते. आमच्या बाजूचा गोळीबार थांबला असता तर दुश्मन सरळ धोंड्यापर्यंत चालत आला असता. म्हणून रघू कडेला पालथा पडून एकटाच बंदूक चालवत होता आणि मला जागं ठेवायला मधूनमधून शिव्या देत होता. मग शिव्या थांबल्या. त्याला मांडीत गोळी लागली होती, अगदी वर, जांघेजवळ. त्यानं गळ्यातला पटका जखमेत कोंबला. पण तो दाबून धरायला हात लागतो आणि बंदुकीला दोन्ही हात लागतात. त्यानं बंदूक धरली.

तो इतका जवळ होता की हात लांबवला असता तर त्याचा बूट लागला असता. मी डाव्या मांडीवरच्या दांडीला हात घातला. सोडायची आणि पट्टा त्याच्याकडं फेकायचा, एवढंच डोक्यात होतं. माझं काय व्हायचं ते होवो. तेवढ्यात त्यानं मान वळवली. चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस राहिला नव्हता.

"माझ्या आईची शपथ आहे तुला," तो म्हणाला. "सोडायचा नाही."

शपथ म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. मोडली तर जिची घातली तिच्या जिवावर येतं, असं ऐकतच आपण मोठे झालो. मी नकाशे वाचणारा, उपग्रहावरून बोलणारा माणूस, आणि माझी बोटं दांडीवरून आपोआप उचलली गेली. जिला मी कधी पाहिलं नव्हतं त्या बाईच्या जिवाला मी भ्यालो. पलीकडचे आमचे लोक पोचले तेव्हा रघू बंदुकीवर डोकं टेकून पडला होता. हेलिकॉप्टर यायच्या आधीच तो गेला.

नंतर डॉक्टर म्हणाले, तू पट्टा सोडला असतास तर तू राहिला नसतास, आणि त्याची जखम इतकी वर होती की पट्टा तिथं बहुधा बसलाच नसता. त्या 'बहुधा'नं माझी झोप खाल्ली. उजवा पाय कापावा लागला, डावा वाचला. रघूचा पट्टा डाव्याला होता.

तर मी हैदराबादला उतरलो आणि सरळ नल्लकुंट्याला गेलो. रघूचे वडील तो शाळेत असतानाच वारलेले, भाऊबहीण नाही. त्याची आई, म्हणजे काकू, घरीच ब्लाउज शिवायच्या. मी गेलो तेव्हा गळ्यात टेप आणि ओठात टाचणी होती, आणि मी सगळं सांगून होईपर्यंत त्यांनी ती तशीच धरून ठेवली. मी काहीही गाळलं नाही. शपथेपाशी आलो तेव्हा त्यांनी टाचणी काढली.

"कोणाची शपथ?"

"तुमची, काकू."

"मला कोणी विचारलं होतं?" त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "माझं नाव घेऊन त्यानं तुझे हात बांधले आणि तू बांधून घेतलेस. मोडायची होतीस. मी मेले असते तर मेले असते. ऊठ आता. परत इथं नक्को येऊ."

मला राग आला. अगदी मनापासून आला. मी काय मागून घेतला होता तो पट्टा? रस्त्याच्या कडेला एका कट्ट्यावर बसलो आणि ठरवलं, संध्याकाळच्या बसनं परत जायचं. पण गेलो नाही. आमच्यात जोडीदार गेला की त्याचं घर आपल्याकडं येतं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. त्या घरानं आपल्याला हाकललं तर काय करायचं, हे मात्र कोणी शिकवलेलं नव्हतं. मी दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर खोली घेतली.

नोकरी मिळाली माधापूरला, एका कॉम्प्युटर कंपनीत, सिक्युरिटीची. गळ्यात कार्ड, पायात पॉलिश केलेले बूट, महिन्याला एक फायर ड्रिल. एसी केबिनमध्ये बसून कॅमेऱ्यांचे पडदे बघायचे. पुण्यामुंबईची पोरंपोरी लिफ्टमध्ये माझी मराठी ऐकून "अरे सर, तुम्ही आपले?" म्हणतात आणि पुढचं वाक्य इंग्रजीत टाकतात. एकानं विचारलं, सर, तुम्ही कोणाला मारलंय का? मी म्हणालो, आधी तुझं कार्ड दाखव. गावाकडं असताना मी पहाटे विहिरीवर एकटा असायचो आणि वाटायचं, कधी एकदा जगात जातो. आता जगात आहे, चोहोकडं माणसं, आणि कोणत्याही हॉलमध्ये शिरलो की आधी बाहेर पडायचे दरवाजे शोधतो. माझ्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' शिरलेत. आई फोनवर म्हणते, नीट बोल की रे.

काकू मला रस्त्यात दिसायच्या. सुलतान बाजारात अस्तराचं कापड घेताना दोनदा समोरासमोर आलो. दोन्ही वेळा त्यांनी मला ओळख दाखवली नाही. आमचा मोहल्ला एक, भाजीवाला एक, आणि बोलणं काही नाही. असं दोन वर्षं चाललं. रघूचा विषय मी कोणाकडं काढू शकत नव्हतो आणि त्याही काढत नसणार. मला एवढंच हवं होतं, की त्या बाईनं एकदा तोंडानं म्हणावं, तू जगलास ते चुकीचं झालं नाही. तुम्हाला ही छोटी गोष्ट वाटेल. मला ती दोन वर्षं मिळाली नाही.

मग एका दुपारी त्यांच्या गल्लीतल्या फंक्शन हॉलमध्ये लग्न होतं. वरात रस्त्यावर आली आणि फोटोवाल्यानं ड्रोन उडवलं. मी भाजीच्या गाड्याशी उभा होतो. तो आवाज आला आणि पुढं काय झालं मला कळलं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी रस्त्यावर आडवा होतो, टोमॅटो पसरलेले, लोक गोळा झालेले, आणि माझे दोन्ही हात डाव्या मांडीवर घट्ट आवळलेले. तिथं काही नव्हतं, पँटच होती. कोणीतरी मोबाइल काढून शूटिंग करत होतं. तेवढ्यात काकूंचा आवाज आला, खणखणीत दखनीत, तमाशा है क्या, चलो हटो. त्यांनी त्या मोबाइलवाल्याच्या हातावर फटका मारला. मग माझ्या हातांकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. हात दिला नाही, पण मी उठेपर्यंत तिथून हलल्याही नाहीत.

पितृपंधरवडा लागला आणि त्या माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, चतुर्दशीला जेवायला ये, रघूच्या नावानं पितर म्हणून बसायचंय. तुम्हाला ठाऊक आहे, हत्यारानं गेलेल्यांची तिथी चतुर्दशी. गेलेल्याच्या नावानं कोणाला तरी पाटावर बसवायचं, त्याचे पाय धुवायचे, त्याला पोटभर जेवू घालायचं. आधीची दोन वर्षं त्यांनी कोणालाच बसवलं नव्हतं, नुसतं पान वाढून कावळ्याला ठेवलं होतं. मी हो म्हणालो आणि दार लावलं. रघूच्या जागी बसायचं? मी?

आईला फोन केला.  मरणाच्या दारातून आलेल्या पोरानं मेलेल्याच्या नावानं जेवायचं, हे तिला कसं रुचावं? मग म्हणाली, "जाऊन बस. तिच्याही घरचं कोणीतरी जेवलं पाहिजे."

पाटावर मांडी घालायला खोटा पाय काढावा लागतो. मी तो कोणासमोर काढत नाही, आईसमोरसुद्धा नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीला धरून काढला आणि कोपऱ्यात उभा केला. पानात खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, आणि कडेला मिरचीचं सालन, तिकडचा तिखट रस्सा. ते पितराच्या जेवणात नसतं. त्याला लागायचं, एवढंच काकू म्हणाल्या. समोर रघूचा फोटो होता आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळत होतो.

त्या परात आणि तांब्या घेऊन समोर बसल्या. एवढ्या मोठ्या बाईनं माझे पाय धुवायचे म्हणून मी पाय मागं घेतला, तर त्यांनी घोट्याला धरून पुढं ओढला. आधी उजव्या थोट्या पायावर पाणी घातलं, हात जरासुद्धा न अडखळता. मग डावा घेतला. तो मात्र धरूनच बसल्या. पाणी परातीत गळून संपलं तरी सोडेनात.  आता त्या म्हणणार, हा पाय माझ्या पोराच्या जिवावर उभा आहे, अशी मला भीती होती.

"त्या दिवशी रस्त्यावर तू इथं धरलं होतंस," त्या माझ्या मांडीकडं बघून म्हणाल्या. "सोडत होतास की धरून ठेवत होतास?"

"मला माहीत नाही, काकू. दोन्ही असेल."

त्यांनी मान हलवली. "मी रोज मनात ती शपथ मोडत होते. रोज तुला सोडायला लावत होते, आणि रोज पट्टा त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी तू मरत होतास. तोही मरत होता." तांब्या खाली ठेवला. "तू मोडली असतीस तर आज मी या पाटावर कोणाला बसवलं असतं?"

मी रडलो. लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत रडलो. त्या रडल्या नाहीत. पदरानं माझा पाय कोरडा केला आणि म्हणाल्या, जेव, वडे गार होतायत. मी सगळं संपवलं. सालन दोनदा घेतलं, तिखटानं कान लाल झाले.

पितराला जेवल्यावर विडा देतात आणि दारापर्यंत पोचवतात. तो जातो, मागं वळून बघत नाही. मी विडा घेतला, पाय चढवला आणि रीतीप्रमाणं उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो.

"पितर जातात," काकू आतून म्हणाल्या. "तू कुठं निघालास? एवढी भांडी कोण घासणार?"

मी मागं वळलो. बाह्या वर केल्या, ओट्याला टेकून कढईला हात घातला. काकू शेजारी उभ्या राहून साबण जास्त घेतो म्हणून कटकट करत होत्या. तेवढ्यात फोन वाजला, आई होती. सकाळपासून जीव टांगणीला लावून बसली होती. तिनं जेवणाचं काही विचारलं नाही.

"घरी पोचलास का रे?" म्हणाली.

मी ओल्या हातानं फोन कानाला लावला आणि म्हणालो, "हौ, पोचलो."